खडकवासल्याच्या काठावर पृथ्वीविज्ञानाचा पाठ

महाविद्यालयीन शिक्षणात पृथ्वीची ओळख बहुधा तुकड्यातुकड्यांनी होते. खडकांचा अभ्यास भूविज्ञानाच्या वर्गात होतो, पावसाचा भूगोलाच्या, वनस्पतींचा जीवशास्त्राच्या, तर धरणांचा अभियांत्रिकीच्या. अध्यापनाच्या दृष्टीने ही विभागणी सोयीची असली, तरी निसर्गाचा कारभार असा विभागलेला नाही. शिलावरण, जलावरण, वातावरण आणि जीवावरण या चार व्यवस्था एकमेकींत गुंतलेल्या असून एकीत घडलेला बदल दुसरीत उमटल्यावाचून राहत नाही. हे परस्परावलंबन विद्यार्थ्यांना समजावून देण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. पुण्याच्या नैर्ऋत्येस मुठा नदीवर वसलेले खडकवासला म्हणजे या विषयाची खुली प्रयोगशाळाच होय.

खडकाची साक्ष

पाठाचा आरंभ पायाखालच्या खडकापासून करावा. जलाशयाच्या दक्षिणेस सिंहगडाची डोंगररांग उभी आहे. तिचे उतार पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हारस पुनःपुन्हा बाहेर पडला आणि त्याचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार घडले. कठीण थरांचे कडे झाले. सच्छिद्र व ठिसूळ थर झिजून त्यांचे उतार बनले. घट्ट काळ्या पाषाणात पाणी सहसा मुरत नाही. ते भेगांतून, सच्छिद्र थरांतून आणि मुरमातून वाट काढते. एका शेतातील विहिरीला भरपूर पाणी लागते आणि बांधापलीकडची विहीर कोरडी राहते, याचे कारण पुष्कळदा या थरांच्या रचनेत सापडते.

पावसाचा हिशेब

यानंतर विद्यार्थ्यांची दृष्टी पश्चिमेकडे वळवावी. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस पाडतात. पूर्वेकडे उतरताना पाऊस झपाट्याने कमी होतो. पुणे शहरात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस होतो; मुठेच्या उगमाकडील डोंगरांत तो याच्या कित्येक पट असतो. पुण्याला लागणारे पाणी मुख्यतः पुण्यावर पडत नाही, ते घाटमाथ्यावर पडते. टेमघर, वरसगाव आणि पानशेत येथील धरणांत साठून ते खडकवासल्यास येते आणि तेथून शहराला व पूर्वेकडील शेतीला मिळते.

येथे एक साधे गणित फळ्यावर मांडावे. एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर एक सेंटिमीटर पाऊस पडला, तर एक कोटी लिटर पाणी होते. समजा, ५०० चौरस किलोमीटर क्षेत्रावर १० सेंटिमीटर पाऊस झाला. ते पाणी पाच कोटी घनमीटर, म्हणजे पावणेदोन टीएमसीपेक्षा किंचित अधिक भरेल. खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा सुमारे दोन टीएमसी आहे. यांतील किती पाणी मुरेल आणि किती नदीत धावेल, हे जमीन आधी किती भिजलेली आहे, उतारावर झाडे व गवत आहे की ती उघडी आहे, यांवर अवलंबून असते. उघड्या उतारावरून पाण्याबरोबर मातीही वाहून येते आणि जलाशयाच्या तळाशी गाळ होऊन बसते. शेताची सुपीकता आणि धरणाची साठवणक्षमता अशा रीतीने एकाच वेळी घटतात.

१९६१ ची आठवण

या साखळीचा विसर पडल्यास काय होते, हे पुण्याने १२ जुलै १९६१ रोजी अनुभवले. पानशेतच्या मातीच्या धरणाचे काम पूर्ण होण्यापूर्वीच पावसाने जलाशय भरत गेला. भराव खचला आणि धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे एकोणिसाव्या शतकात बांधलेले खडकवासल्याचे दगडी धरणही टिकले नाही. नदीकाठची पेठांमधील वस्ती उद्ध्वस्त झाली. खडकवासला धरण पुढे पुन्हा उभारण्यात आले. पाऊस, माती, बांधकामाचे वेळापत्रक आणि नदीकाठची वस्ती यांचा स्वतंत्रपणे विचार करणे किती महाग पडते, हे या घटनेने दाखवून दिले. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या सखल वसाहतींत पाणी शिरले, तेव्हा तोच धडा लहान प्रमाणात पुन्हा समोर आला.

पाणी खडकावरही परिणाम करते. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेच्या परिसरात झालेल्या भूकंपानंतर जलाशय आणि भूकंप यांच्या संबंधाचा अभ्यास जगभर गांभीर्याने होऊ लागला. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव अतिवृष्टीत दरड कोसळून गाडले गेले. झिजलेला खडक, तीव्र उतार आणि मुरलेले पाणी एकत्र आले, की डोंगर स्थिर राहील याची शाश्वती नसते.

संस्थांचा लाभ

या अभ्यासाला पोषक संस्था पुण्यातच आहेत. १९१६ साली सुरू झालेली आणि १९२५ मध्ये खडकवासल्यास आलेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था नद्या, धरणे व बंदरे यांच्या प्रतिकृतींवर प्रयोग करते. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था १९६२ पासून मोसमी पावसाचा अभ्यास करीत आहे. महाविद्यालयांनी पूर्वपरवानगीने अशा संस्थांच्या भेटी आखाव्यात.

मात्र भेटीपेक्षा नोंदीला अधिक महत्त्व द्यावे. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील एक ओढा निवडावा. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर विहिरींची पाणीपातळी मोजावी, पर्जन्यमापकाची नोंद ठेवावी, ओढ्याचे पाणी किती वेळात गढूळ होते व किती दिवसांनी निवळते हे टिपावे आणि पुराच्या जुन्या खुणा वडीलधाऱ्यांकडून विचारून घ्याव्यात. ही वही ग्रामपंचायतीपुढे ठेवली, तर पाझर तलाव, घरकुल किंवा रस्ता यांची जागा ठरविताना तिचा उपयोग होईल.

आज वर्गात बसलेले विद्यार्थी उद्या शिक्षक, अधिकारी आणि सरपंच होतील. ओढा बुजविण्याचा किंवा डोंगर फोडण्याचा प्रस्ताव त्यांच्यासमोर येईल, तेव्हा त्यामागची संपूर्ण साखळी त्यांना दिसली पाहिजे. पृथ्वीविज्ञानाच्या अध्यापनाचे सार्थक त्यातच आहे.