नवरंगी हरिण : अजिंठा ते शांघाय
(द्वितीय वर्ष कला)

प्राण्यांच्या गोष्टी म्हणजे लहान मुलांची करमणूक, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु एखादी गोष्ट दीड हजार वर्षांहून अधिक टिकते, देश ओलांडते आणि अखेर पडद्यावर येते, तेव्हा ती अभ्यासाचा विषय ठरते. रुरु नावाच्या हरणाची गोष्ट अशीच आहे.

जातककथेतील रुरु सोनेरी आहे. कर्जात बुडालेला एक श्रीमंताचा मुलगा गंगेत उडी घेतो. रुरु त्याला काठावर आणतो आणि आपला ठावठिकाणा कोणाला न सांगण्याचे वचन घेतो. पुढे राणीच्या स्वप्नात धर्मोपदेश करणारे सोनेरी हरिण येते. राजा बक्षीस जाहीर करतो आणि तो कृतघ्न माणूसच राजाला वाट दाखवतो.

पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात ही कथा रंगवली गेली. त्याच लेण्यात निग्रोधमृगाचीही कथा आहे. या दुसऱ्या कथेवर १९५७ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनने ‘द बनियन डिअर’ हा कार्टूनपट काढला. तेथील चित्रकारांना डिस्नेचे क्लेअर वीक्स यांनी शिकवले होते.

रुरुचा प्रवास याहून लांबचा. चिनी भाषेत ही कथा तिसऱ्या शतकातच पोहोचली होती. तेथे हरिण नऊ रंगांचे झाले, आणि राणीला उपदेश नको, कातडे हवे झाले. तुन्हुआंग येथील २५७ क्रमांकाच्या लेण्यात उत्तर वेई राजवटीत हे चित्र एका लांब पट्ट्यात काढले गेले. कथा दोन्ही टोकांकडून सुरू होते आणि मध्यभागी राजा व हरिण समोरासमोर येतात. या भित्तिचित्रांच्या धर्तीवर शांघाय ॲनिमेशन फिल्म स्टुडिओने १९८१ साली ‘नवरंगी हरिण’ हा बोधपर कार्टूनपट तयार केला. छियान च्याचुन आणि दाय थिएलांग हे त्याचे दिग्दर्शक.

हा चित्रपट मी आईबरोबर मोबाईलवर पाहिला. आईला अक्षरओळख नाही. पार्ल्याच्या स्टेशनबाहेर बसची पाटी ती मला वाचायला सांगते. या चित्रपटातली चिनी भाषा मात्र दोघींनाही सारखीच अनोळखी होती, आणि गोष्ट दोघींनाही सारखीच कळली. शेवटी विश्वासघातकी माणूस पाण्यात बुडतो. मला ते योग्य वाटले. आई म्हणाली, “अगं, एकदा काढलं ना त्याला बाहेर? मग परत का नाही काढलं?”

नंतर मी मूळ जातककथा वाचली. तेथे राजा त्या माणसावर बाण रोखतो, तेव्हा रुरुच त्याच्या प्राणांची भीक मागतो. पुस्तक न वाचता आई जातककाराच्या शेवटापर्यंत पोहोचली होती!

लेण्यांतील चित्रे पाहायला येणाऱ्यांपैकी किती जणांना अक्षर येत असेल? तरीही ती कथा त्यांच्यापर्यंत गेलीच असेल. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. त्यामुळे ज्ञान आता माझ्यापासून सुरू झाले, असे मला कधी कधी वाटे. या हरणाने तो गैरसमज दूर केला. प्राणिकथेचे शिक्षणातील स्थान याहून वेगळे काय सांगावे?