वादळानंतरची साफसफाई : परिसर अभ्यासाचा एक पाठ

(इयत्ता तिसरी ते पाचवीच्या शिक्षकांकरिता)

प्रास्ताविक

वैशाखात खानदेशावर वळवाचे वारे सुटतात. रावेर-यावलकडील केळीच्या बागा अशा वाऱ्यात घटकाभरात आडव्या होतात आणि धुळे शहरात पांझरेपलीकडील देवपूर भागातही मोडलेल्या फांद्या रस्त्यावर येतात. त्या वेळी शाळांना सुटी असते. जूनमध्ये शाळा उघडते तोवर वादळाचे स्मरण मावळलेले असते. परंतु अर्धवट मोडलेली एखादी फांदी आवारात तशीच लोंबत राहते व तिच्याखाली मुले खेळू लागतात. याकरिता हा पाठ सत्रारंभीच्या पहिल्याच आठवड्यात घेणे इष्ट होय.

शहर मोकळे कसे होते?

दिनांक १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून समुद्रमार्गे उत्तरेस गेले. कुलाबा येथे वाऱ्याच्या झोताचा वेग ताशी ११४ किलोमीटर नोंदला गेला आणि त्या वादळात शहरातील दोन हजारांहून अधिक झाडे पडली. एवढी झाडे उचलावयाची तर कामास क्रम हवा. प्रथम वीजपुरवठा बंद होतो; कारण फांदीत अडकलेली तार ओल्या लाकडातूनही प्राण घेऊ शकते. नंतर अडकलेल्या माणसांची सुटका होते व रुग्णालयाकडे जाणारे रस्ते मोकळे केले जातात. झाड तोडताना आधी बारीक फांद्या, मग जाड फांद्या आणि शेवटी बुंधा, असा क्रम असतो. दबून वाकलेली फांदी कापताच उसळते. बुंध्याचे वजन दूर होताच उपटलेला मुळांचा गड्डा कधीकधी एकदम पुन्हा खड्ड्यात बसतो. म्हणून त्या खड्ड्यात मुलांनी कधीही उतरू नये, हे शिक्षकाने स्पष्टपणे सांगावे.

झाड का पडते?

मुले उत्तर देतील, “वाऱ्याने.” हे उत्तर खरे, पण अपुरे आहे. एकाच रस्त्यावर एक झाड पडते व शेजारचे उभे राहते. वारा तर दोघांनाही सारखाच. बहुतेक झाडांची पुष्कळशी मुळे जमिनीच्या वरच्या सुमारे एक मीटर थरात, फांद्यांच्या घेराबाहेरपर्यंत पसरलेली असतात. गटार वा नळ घालताना त्यांची एक बाजू तोडली, बुंध्यापर्यंत फरशी किंवा सिमेंट आणले, की पकड सुटते आणि मुळांना हवा-पाणी मिळेनासे होते. खेड्यातही पिंपळाला सिमेंटचा पार बांधताना बुंधा गाडला जातो. वारा झाड पाडतो. परंतु ते पडण्याची तयारी पुष्कळदा माणसाने आधीच करून ठेवलेली असते.

याचे एक बोधप्रद उदाहरण इंग्लंडातील आहे. ऑक्टोबर १९८७ मधील वादळाने तेथे सुमारे दीड कोटी झाडे पाडली. लंडनच्या क्यू उद्यानातील एक जुना, खंगत चाललेला ओक वृक्ष वाऱ्याने मुळांसकट उचलला गेला व पुन्हा जागी बसला. इतर कामांच्या गर्दीत त्याला टेकू देऊन तसेच ठेवण्यात आले. तीन वर्षांनी पाहिले तो वृक्ष पूर्वीपेक्षा जोमदार झालेला! माणसांच्या पायांखाली घट्ट झालेली माती त्या धक्क्याने मोकळी झाली होती.

प्रयोग

आवारातील आघाड्याची सारख्या उंचीची तीन रोपे निवडावीत. पहिले कोरड्या मातीत तसेच ठेवावे. दुसऱ्याच्या बुंध्याशी भरपूर पाणी घालावे. तिसऱ्याची एका बाजूची मुळे खुरप्याने तोडावीत व तेथेही पाणी घालावे. प्रत्येकास दोरा बांधून तो सावकाश आडवा ओढावा. कोणते रोप आधी उपटते, हे मुलांनी स्वतः पाहून वहीत लिहावे.

प्रश्न

१. पावसासह आलेल्या वादळात झाडे अधिक का पडतात?
२. पडलेल्या झाडाजवळ प्रथम कोणता धोका पाहावा?
३. पालापाचोळ्याचे खत करावे की तो जाळावा? का?
४. आपल्या गावातील कोणत्या झाडाचा बुंधा सिमेंटने वेढला आहे?

शाळेचे काम

शाळा उघडण्यापूर्वी शिक्षकाने आवारातील प्रत्येक झाड फिरून पाहावे. वाळलेली वा लोंबती फांदी, बुंध्यातील ढोली, नव्याने आलेला कल आणि मुळांशी पडलेली भेग यांची नोंद ठेवावी. धोका दिसल्यास तेवढी जागा दोर बांधून बंद करावी व मुख्याध्यापकांमार्फत ग्रामपंचायतीस लेखी कळवावे. फांदी उतरविण्याचे काम मुलांकडून कदापि करवू नये.

त्याचबरोबर भयापोटी निरोगी झाड तोडण्याचा आग्रह कोणी धरल्यास शिक्षकाने तो विनयाने अमान्य करावा. खानदेशच्या उन्हात शाळेतील निंबाची सावली म्हणजे मुलांचा एक वर्गच होय. जेथे झाड पडले तेथे पावसाळ्यात निंब, चिंच किंवा करंज लावून त्याभोवती मोकळ्या मातीचे ऐसपैस आळे राखावे. पडलेले झाड उचलणे हे एका दिवसाचे काम आहे. उभ्या झाडाच्या मुळांशी माती मोकळी ठेवणे हे वर्षानुवर्षांचे काम आहे, आणि ते शाळेइतके चांगले दुसरे कोणी करू शकणार नाही.