अण्णांच्या घराचं कुलूप

"मयताचे तुम्ही कोण?" मालमत्ता पत्रकाला वारस लावायला गेलो, तेव्हा खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं. मी म्हटलं, मुलगा. त्यांनी माझं आधार कार्ड उलटसुलट केलं. "मग मधलं नाव वेगळं कसं?"

वेगळं आहे, कारण अण्णांनी ते बदलू दिलं नाही. आईशी लग्न केलं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. शाळेत नाव घालताना मास्तर म्हणाले, तुमचंच लावू. अण्णा म्हणाले, "त्याच्या बापाची तेवढीच खूण उरलीय, ती कशाला पुसायची?" या चांगुलपणाची किंमत मी त्रेचाळिसाव्या वर्षी मोजली.

अण्णा एसटीत कंडक्टर, मिरज–पंढरपूर गाडीवर. त्यांचा जुना पंच निवृत्तीनंतर घरी कसा आला ते विचारू नका. माझी लेक शाळेतून आली की पायरीवर तिची वाट अडवून वहीच्या चिठोऱ्याला भोक पाडायचे आणि तिकीट द्यायचे. भाडं एक पापा. सुटे नसले तरी चालायचं.

हिंदू वारसा कायदा १९५६चा. त्यात मुलगा म्हणजे पोटचा किंवा दत्तक. सावत्राला जागा नाही. आई अण्णांच्या मागे राहिली असती, तर घर तिला आणि तिच्यामागे मला आलं असतं. ती अकरा महिने आधी गेली. अण्णांची भावंडंही उरली नव्हती. मग कायद्याला सापडला थोरल्या भावाचा मुलगा. हा गृहस्थ अण्णांच्या आजारपणात एकदाही फिरकला नाही. दहाव्याला मात्र आला, आणि कावळा शिवायच्या आत मला बाजूला घेऊन म्हणाला, "कागद कुठं असतात?" मी वेड्यासारखं कपाट दाखवलं!

बँकेतल्या ठेवीला नॉमिनी मी. पैसे हातात आले आणि पाठोपाठ त्याच्या वकिलाची नोटीस. नॉमिनी म्हणजे राखणदार, मालक नव्हे. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्येच सांगून ठेवलंय.

म्हणून सांगतो, मृत्युपत्र करून घ्या. विषय काढायला लाज वाटते, मलाही वाटली. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही. साक्षीदार दोन हवेत, आणि दोघेही वयाने लहान बघा, नाहीतर तेच आधी जायचे. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करा. आणि नुसतं 'मुलगा' लिहू नका. 'पत्नीचा पहिल्या लग्नाचा मुलगा' असं पूर्ण नावासकट लिहा, शब्द कितीही टोचला तरी. मूल लहान असेल तर पंधरा पूर्ण व्हायच्या आत दत्तकविधान करा. कागदपत्रं जपा वगैरे तुम्हाला माहीतच आहे. नातेवाइकांवर विश्वास ठेवू नका असंही लिहिणार होतो, पण अण्णा तरी माझे कोण होते?

घराला आता पुतण्याचं कुलूप आहे. पंच आत राहिला, देवघराखालच्या खणात. तेवढा द्या म्हणून फोन केला, तर म्हणाला, "काय हवं त्याची यादी वकिलाकडे द्या."

यादी दिली. एका ओळीची.