कचेरीच्या इंटरनेटची वेस : राउटर व फायरवॉल

शाळा असो, दवाखाना असो कीं पतपेढी असो, कोणत्याही कचेरीचा बराचसा कारभार आज इंटरनेटवर चालतो. विद्यार्थ्यांचे गुण, पालकांचे पत्ते, फीच्या पावत्या, परीक्षेचे अर्ज हें सर्व संगणकांत सांठविलेलें असतें, आणि एका बारीक तारेनें तें बाहेरच्या अफाट जगाशीं जोडलेलें असतें. त्या तारेच्या तोंडाशीं राउटर व फायरवॉल हे दोन पहारेकरी उभे असतात. पुष्कळदां हीं दोन्ही कामें एकच पेटी करते. तिची मांडणी कशी करावी व ती बिघडल्यास दोष कसा हुडकावा, याचें थोडक्यांत विवेचन येथें करावयाचें आहे.

१. राउटरचें कार्य

इंटरनेटवर कोणताही मजकूर सबंध जात नाहीं. त्याचीं लहान लहान पुडकीं होतात, आणि प्रत्येक पुडक्यावर पाठविणाराचा व घेणाराचा पत्ता अंकांत लिहिलेला असतो. तो पत्ता वाचून पुडकें कोणत्या वाटेनें धाडावें हें ठरविणें, हें राउटरचें काम होय. २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं कॅलिफोर्नियांतील दोन संस्थांमध्यें अशा जाळ्यावरून पहिला संदेश गेला, तेव्हां वाट दाखविणारें यंत्र कपाटाएवढें होतें. आपल्या देशांत सर्वसामान्य लोकांस इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळूं लागलें. आज तेंच काम पाटीएवढी पेटी करते.

या अंकी पत्त्यांची जुनी पद्धति ३२ द्विमान अंकांची आहे. तींत सुमारें ४२९ कोटि पत्ते होतात, आणि ते जगाला पुरत नाहींत. म्हणून कांहीं पत्ते केवळ घरगुती वापरासाठीं राखून ठेवण्यांत आले. १९२.१६८ या अंकांनीं सुरू होणारे पत्ते त्यांपैकींच होत. वसतिगृहांत शंभर मुलें राहात असलीं तरी बाहेरून येणाऱ्या पत्रांवर पत्ता एकाच वसतिगृहाचा असतो, आणि कोणतें पत्र कोणाचें हें अधीक्षक पाहतात. राउटरही तसेंच करतो. आंतील सर्व संगणकांच्या वतीनें तो एकच बाहेरचा पत्ता वापरतो, आणि कोणीं काय मागितलें याची टिपणी ठेवून आलेलें उत्तर ज्याचें त्यास पोहोंचवितो.

२. मांडणी

पुरवठादार कंपनीच्या पेटींतून येणारी तार राउटरच्या ‘वॅन’ असें लिहिलेल्या खांचेंत बसवावी, व ‘लॅन’च्या खांचेंतून स्विचमार्फत कचेरींतील संगणक जोडावे. या दोन खांचांची अदलाबदल हें नवशिक्याच्या पुष्कळ दुःखांचें मूळ असतें. नंतर राउटरला आंतला एक पत्ता द्यावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१. संगणकांना पत्ते आपोआप वांटण्याची जी सोय असते तिला डीएचसीपी म्हणतात. तिच्याकडे १०० ते १९९ असा पट्टा सोंपवावा, आणि छपाईयंत्रासारख्या ज्या वस्तूंचा पत्ता बदलून चालत नाहीं त्यांना पट्ट्याबाहेरचे कायमचे पत्ते द्यावे.

यापुढचीं चार कामें पहिल्याच दिवशीं उरकलीं पाहिजेत. कारखान्यांतून आलेला पासवर्ड बदलावा. राउटरची अंतर्गत आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, अद्ययावत् करावी. वाय-फायला डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ या प्रकारचें कुलूप घालावें. पाहुण्यांसाठीं निराळें वाय-फाय ठेवावें, म्हणजे त्यांच्या फोनचा कचेरीच्या संगणकांशीं संबंध येणार नाहीं. शेवटीं सर्व मांडणीची एक प्रत जतन करून ठेवावी.

३. फायरवॉलचे नियम

जुन्या वाड्याच्या देवडीवर पहारेकरी बसत असे. घरांतील माणूस बाहेर गेला तर त्याला आडकाठी नसे. पण परका आंत येऊं लागला कीं त्याची चौकशी होई. फायरवॉलची रीति हीच आहे. आंतून कोणीं मागणी केली तर तिचें उत्तर ती आंत घेते. न बोलावतां आलेलें पुडकें ती दारांतूनच परत फिरविते किंवा मुकाट्यानें टाकून देते.

बहुतेक फायरवॉल आपले नियम वरून खालीं वाचतात, आणि जो पहिला लागूं पडेल त्याप्रमाणें वागतात. म्हणून नेमके नियम वर व व्यापक नियम खालीं असावे. ‘सर्वांस मोकळीक’ हा नियम वर पडला तर त्याखालचे मनाईचे नियम व्यर्थ होत. अगदीं शेवटीं ‘बाकी सर्व मना’ हा नियम हवाच. राउटरची व्यवस्था पाहण्याचें पान बाहेरून कोणालाही उघडतां येऊं नये. घरून काम करणाऱ्यांसाठीं देवडीला भगदाड न पाडतां व्हीपीएन या सुरक्षित वाटेची योजना करावी.

मात्र एक मर्यादा ध्यानांत ठेवावी. आंतल्याच माणसानें फसव्या पत्राला भुलून दार उघडलें, तर पहारेकऱ्याचा फारसा इलाज चालत नाहीं.

४. दोष हुडकण्याची रीति

इंटरनेट बंद पडलें कीं पुष्कळ लोक एकदम सर्व तारा उपसतात व सर्व बटणें दाबतात. त्यामुळें कधीं कधीं काम चालूं होतें, पण कारण कळत नाहीं. खरी रीति म्हणजे जवळून दूर जाणें व एका वेळीं एकच गोष्ट बदलणें.

प्रथम विचारावें : एकच संगणक अडला आहे कीं सर्व? एकच असेल तर त्याची तार व त्याचा पत्ता पाहावा. पत्ता १६९.२५४ नें सुरू होत असेल, तर संगणकाला पत्ता वांटणाऱ्याकडून कांहींच मिळालेलें नाहीं असें समजावें. कांहीं संगणकांना एका मालिकेंतले व कांहींना दुसऱ्या मालिकेंतले पत्ते मिळत असतील, तर कोणीं तरी दुसरा राउटर आणून जोडला आहे आणि तोही पत्ते वांटीत आहे असा संशय घ्यावा.

पत्ता ठीक असल्यास ‘पिंग’ या आज्ञेनें राउटरला हांक मारावी. त्यानें ओ दिली तर बाहेरच्या एखाद्या अंकी पत्त्याला, जसें ८.८.८.८ ला, हांक मारावी. राउटर बोलतो पण बाहेरचा बोलत नाहीं, तर दोष बहुधा पुरवठादाराच्या तारेंत किंवा वॅनच्या मांडणींत असतो. अंकी पत्ता बोलतो पण नांवानें कोणतेंही स्थळ उघडत नाहीं, तर दोष डीएनएसचा होय. नांवावरून अंक सांगणारी ही सूचि १९८३ पासून प्रचारांत आली. परंतु कांहीं यंत्रांना पिंगला उत्तर न देण्याची आज्ञा असते, म्हणून एका मौनावरून निष्कर्ष काढूं नये.

बाकी सर्व चालतें पण एकच कार्यक्रम अडतो, अशा वेळीं फायरवॉलची रोजनिशी वाचावी. कोणतें पुडकें केव्हां व कोणत्या नियमानें अडविलें, हें तींत लिहिलेलें सांपडतें. मग तेवढाच नियम सुधारावा. अडचण टळावी म्हणून फायरवॉलच बंद करणें म्हणजे किल्ली सांपडत नाहीं म्हणून दाराची चौकट उखडण्यासारखें आहे. सुरक्षित स्थळें प्रमाणपत्राची तक्रार करूं लागलीं, तर संगणकाचें घड्याळ बरोबर आहे काय, हेंही पाहावें.

५. शेजाऱ्याप्रत कर्तव्य

‘आमच्या लहानशा कचेरींत चोरण्यासारखें काय आहे?’ असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर २०१६ सालच्या एका घटनेंत आहे. त्या वर्षीं ‘मिराई’ नांवाच्या दुष्ट आज्ञावलीनें कॅमेरे व राउटर अशीं लक्षावधि यंत्रें आपल्या ताब्यांत घेतलीं. तिची युक्ति साधी होती : कारखान्यांतून येणारे नेहमींचे साठएक पासवर्ड ती एकामागून एक लावून पाही. ज्यांनीं पासवर्ड बदलला नव्हता त्यांचीं यंत्रें तिचीं गुलाम झालीं. २१ ऑक्टोबर रोजीं अशाच यंत्रांच्या फौजेनें डीएनएसची सेवा पुरविणाऱ्या एका कंपनीवर हल्ला केला, व अमेरिकेंतील अनेक मोठीं स्थळें कित्येक तास लोकांना उघडेनात. यंत्रांच्या मालकांना आपलें यंत्र कोणाच्या घरावर दगड मारीत आहे याचा बहुधा पत्ताही नव्हता.

नहेम्यानें यरुशलेमचा कोट बांधल्यावर तेवढ्यानेंच समाधान मानलें नाहीं. त्यानें वेशींवर द्वारपाळ नेमले आणि दारें केव्हां उघडावीं व केव्हां लावावीं याची शिस्त घालून दिली. राउटर व फायरवॉल विकत घेणें म्हणजे कोट बांधणें. पासवर्ड बदलणें, आज्ञावली सुधारणें व रोजनिशी वाचणें म्हणजे पहारा करणें. विद्यार्थीमित्रहो, घरीं गेल्यावर वडीलमंडळींच्या संमतीनें आपल्या घरचा राउटर एकदां पाहा. त्यावर चिकटविलेल्या कागदावरचा पासवर्ड अद्याप तसाच चालत असेल, तर तो त्यांच्याकडून आजच बदलून घ्या. यांत आपलें रक्षण आहेच, पण ज्यांना आपण कधीं पाहिलें नाहीं अशा शेजाऱ्यांचेंही आहे.