रंगभूमीची झोळी व रोग्याची अब्रू

नाटकाचे उत्पन्न लोककार्यास देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ता. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी मुंबईत ‘मानापमान’ नाटक एकत्र करून त्याचे उत्पन्न टिळक स्वराज्य फंडास दिले. पुढे न्यूयॉर्कच्या नटमंडळींत एड्सने पुष्कळ जण मरू लागले, तेव्हा १९८७ साली त्यांनीही निधी उभारिला. खेळ संपताच नट प्रेक्षकांस विनंती करितात व दारी बादल्या घेऊन उभे राहतात. त्या पैशांतून रोग्यांस अन्न, औषध व निवारा मिळतो.

सावद्यास हे कसे लागू पडते? एचआयव्हीचे औषध सरकार २००४ सालापासून फुकट देते. परंतु केंद्रापर्यंतचे भाडे, बुडालेली मजुरी व सकस अन्न यांचा भार रोग्यावरच पडतो. तेवढ्यास गावच्या नाटकाची झोळी साह्य करू शकेल. मात्र रंगमंचावरून रोग्याचे नाव पुकारू नये. संमतीवाचून त्याचा रोग उघड करणे २०१७ च्या कायद्याने मना आहे. बादलीत पैसे टाकणारा प्रेक्षक घेणाऱ्याचे नाव विचारीत नाही. आपणही तसेच द्यावे.