दुधाची नोंद आणि व्यवस्थापकाचा निर्णय



‘माहिती प्रणाली’ हा शब्द वाचला की आपल्या डोळ्यांपुढे संगणक उभा राहतो. पण संगणक हे केवळ साधन आहे. कोणाला, केव्हा आणि कोणता निर्णय घ्यायचा आहे, हा खरा पहिला प्रश्न. रॉबर्ट अँथनी यांनी १९६५ साली व्यवस्थापनाच्या तीन पातळ्या मांडल्या : दैनंदिन कामावरील नियंत्रण, व्यवस्थापकीय नियंत्रण आणि धोरणात्मक नियोजन. आपल्या बडोद्याजवळ आणंदला १९४६ साली स्थापन झालेल्या खेडा जिल्हा दूध संघाच्या, म्हणजेच अमूलच्या उदाहरणावरून आपण त्या समजून घेऊ.

१. तळची पातळी : गावच्या दूध मंडळीत सभासद सकाळ-संध्याकाळ दूध घालतात. दुधाचे माप होते, फॅट तपासले जाते आणि त्यावरून भाव ठरतो. येथे निर्णय नियमाने बांधलेला असतो. अमुक फॅटला अमुक दर. म्हणूनच हे काम यंत्राकडे सोपवता येते. वजनकाटा, फॅट मोजणारे यंत्र आणि संगणक जोडले की सभासदाला हिशेबाची चिठ्ठी लगेच मिळते. आपले माप बरोबर झाले, हा विश्वास त्या चिठ्ठीमुळे वाटतो.

२. मधली पातळी : संघाच्या अधिकाऱ्याला प्रत्येक चिठ्ठी पाहून चालणार नाही. त्याला गोषवारा हवा आणि त्यात वेगळे काय घडले तेही दिसायला हवे. समजा, एका गावचे दूध आठवडाभर घटत आहे. चारा कमी पडला, जनावरांत रोग आला, की दूध दुसरीकडे जाऊ लागले? अहवाल गावाकडे बोट दाखवतो. कारण मात्र माणसाने जाऊन शोधायचे असते. मग पशुवैद्य पाठवायचा की पशुखाद्य, हे ठरते.

३. वरची पातळी : हिवाळ्यात दूध वाढते, पण मुंबईची मागणी तेवढी वाढत नसे. या जादा दुधाचे करायचे काय? संघाने पावडर आणि लोण्याचा कारखाना उभारला व तो १९५५ मध्ये सुरू झाला. म्हशीच्या दुधाची पावडर होणार नाही, असे तेव्हा परदेशी तज्ज्ञ सांगत. ऋतूनुसार दूध किती वाढते हे नोंदवहीतून कळते. धोका पत्करावा की नाही हे नोंदवही सांगत नाही. हर्बर्ट सायमन यांनी १९६० साली नेमून दिलेले आणि न नेमलेले निर्णय असा जो भेद केला, तो येथे लक्षात येतो. शिवाय तेव्हा संघाकडे संगणक नव्हता, हेही विसरू नये.

म्हणजे खालून वर जाताना माहिती आटत जाते आणि निर्णयातील अनिश्चितता वाढत जाते. पण सर्वांचा पाया एकच : मंडळीतील ती पहिली नोंद. तेथे फॅट चुकीचे लिहिले, तर सभासदाचे पैसे बुडतात आणि वरचा सुबक तक्ताही खोटा ठरतो.

स्वाध्याय : आपल्या शाळेचा हजेरीपट घ्या. त्यावरून वर्गशिक्षक, मुख्याध्यापक आणि संचालक मंडळ कोणते वेगवेगळे निर्णय घेऊ शकतील, ते प्रत्येकी दोन उदाहरणांसह लिहा. कोणता निर्णय केवळ आकड्यांवर घेऊ नये, तेही सांगा.