युजनेटची ओळख : चर्चागट आणि फाईल उतरवून घेण्याची साधने

काही वर्षांपूर्वी आमच्या संगणक कक्षातील नववीच्या एका विद्यार्थिनीने प्रोग्रामिंगच्या एका आंतरराष्ट्रीय चर्चागटात प्रश्न टाकला. प्रश्न एका ओळीचा होता : ‘माझा प्रोग्राम चालत नाही, कृपया मदत करा.’ दुसऱ्या दिवशी उत्तर आले, तेही एका ओळीचे : ‘कोणता प्रोग्राम, कोणती चूक? आधी नियम वाचा, मग लिहा.’ त्या मुलीने संगणक बंद केला आणि पुढे कित्येक दिवस कोणालाही, आम्हालाही, प्रश्न विचारला नाही.

विचार करता आमच्या लक्षात आले की, दोष तिचा नव्हता. जगाच्या चौकात तिला नेण्यापूर्वी त्या चौकाची रीत आम्ही सांगितली नव्हती. ती उणीव भरून काढण्यासाठी हा पाठ आम्ही लिहीत आहोत.

१. युजनेट म्हणजे काय?

युजनेट ही जगभरच्या संगणकांमधून चालणारी चर्चेची व्यवस्था आहे आणि ती वेबपेक्षाही जुनी आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९७९ साली ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना तिची कल्पना सुचली. जवळच्याच चॅपेल हिल येथील विद्यापीठात शिकणाऱ्या स्टीव्ह बेलोविन यांनी तिचा पहिला प्रोग्राम लिहिला. १९८० मध्ये ही व्यवस्था इतरांसाठी खुली झाली.

तिचे कार्य समजण्यास एस.टी.ने गावोगाव जाणाऱ्या टपालाच्या थैल्याचे उदाहरण पुरेसे आहे. एका विद्यापीठाचा संगणक मोडेमच्या साहाय्याने दुसऱ्यास दूरध्वनी करी, आपल्याकडील नवे संदेश देई आणि त्याच्याकडील घेई. दुसरा तिसऱ्यास देई. १९८६ मध्ये इंटरनेटवरून हीच देवाणघेवाण करण्याचे नियम ठरले. त्या नियमावलीस ‘एनएनटीपी’ म्हणतात व ती आजही वापरात आहे.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. युजनेटचा मुख्य संगणक असा कोणताच नाही. प्रत्येक सर्व्हर स्वतःजवळ प्रत ठेवतो. त्यामुळे त्याला मालक नाही, आणि बहुतेक गटांत संदेश तपासून घेणारा कोणी पहारेकरीही नाही. जेथे मालक नसतो तेथे शिस्त प्रत्येकाने स्वतःच पाळावयाची असते. या पाठातील पुढचे सर्व नियम या एका गोष्टीतून आलेले आहेत.

२. गटांची नावे

गटाचे नाव मोठ्या विषयाकडून लहान विषयाकडे जाते आणि शब्दांमध्ये टिंब असते. १९८७ साली सर्व नावांची नव्याने मांडणी होऊन सात मुख्य शाखा ठरल्या : ‘कॉम्प’ म्हणजे संगणक, ‘साय’ म्हणजे विज्ञान, ‘सॉक’ म्हणजे समाज, ‘रेक’ म्हणजे छंद व कला, ‘न्यूज’ म्हणजे खुद्द युजनेटविषयी, ‘टॉक’ म्हणजे वादविवाद आणि ‘मिस्क’ म्हणजे इतर. त्याच वर्षी ‘ऑल्ट’ ही मोकळी शाखाही निघाली.

या गटांचे महत्त्व दोन घटनांवरून कळेल. ऑगस्ट १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने ‘कॉम्प.ओएस.मिनिक्स’ या गटात लिहिले की, आपण छंद म्हणून एक कार्यप्रणाली तयार करीत आहोत, तिच्यात काय असावे हे सांगा. तीच पुढे लिनक्स झाली. त्याच महिन्यात टिम बर्नर्स-ली यांनी ‘ऑल्ट.हायपरटेक्स्ट’ या गटात आपल्या वर्ल्ड वाइड वेब प्रकल्पाची माहिती दिली. आपल्या भाषेसाठीही ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ हा गट होता. देवनागरी पाठविण्याची सोय नसल्याने परदेशस्थ मराठी माणसे तेथे रोमन अक्षरांत मराठी लिहीत.

३. सुरुवात कशी करावी?

दोन गोष्टी लागतात : सर्व्हरवर खाते आणि वाचण्याचा प्रोग्राम. केवळ मजकुराच्या गटांसाठी ‘इटर्नल सप्टेंबर’ हा सर्व्हर विनामूल्य खाते देतो. वाचनासाठी ‘थंडरबर्ड’ हा मोफत प्रोग्राम चालतो. त्यात न्यूजग्रुपचे खाते उघडावे, सर्व्हरचे नाव भरावे आणि जोडणी सुरक्षित, म्हणजे सांकेतिक रूपात जाणारी, निवडावी. तिचा पोर्ट क्रमांक ५६३ असतो. जुन्या, उघड जोडणीचा क्रमांक ११९ आहे, तो टाळावा. मग गटांची यादी मागवून प्रथम दोन किंवा तीनच गट निवडावेत.

या सर्व्हरच्या नावामागेही एक धडा आहे. अमेरिकेत दरवर्षी सप्टेंबरमध्ये विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, त्यांना युजनेट मिळे आणि रीत शिकेपर्यंत काही आठवडे गोंधळ चाले. १९९३ पासून व्यावसायिक सेवांचे ग्राहक इतक्या संख्येने येऊ लागले की, रीत शिकविण्यास जुन्यांना उसंतच मिळेना. तो सप्टेंबर कधी संपलाच नाही, असे जुने लोक म्हणू लागले. पुढच्याच वर्षी एका वकील दांपत्याने हजारो गटांत एकच जाहिरात टाकली. अशा जाहिरातींच्या पुरामुळे अनेक चांगले गट ओस पडले.

४. प्रश्न कसा विचारावा?

पहिले काही दिवस केवळ वाचावे. गटातील भाषा, विषयाची मर्यादा आणि कोण अभ्यासपूर्वक लिहितो हे त्यातून कळते. अनेक गटांत नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे एकत्र केलेली असतात. ती आधी वाचावीत. तेथे उत्तर न मिळाल्यास प्रश्न लिहावा आणि त्यात चार गोष्टी असाव्यात : आपणांस काय करावयाचे होते, आपण काय केले, प्रत्यक्षात काय घडले आणि पडद्यावर आलेला चुकीचा संदेश जसाच्या तसा. शीर्षक नेमके असावे. उत्तर देताना पूर्वीच्या संदेशातील आवश्यक तेवढ्याच ओळी ठेवून त्यांच्याखाली आपले म्हणणे लिहावे.

इंग्रजी साधे असले तरी चालते, अपुरी माहिती चालत नाही. त्या विद्यार्थिनीस आम्ही याच चार गोष्टी क्रमाने लिहावयास सांगितल्या. चौथी गोष्ट लिहिताना तिची चूक तिलाच सापडली. नीट मांडलेला प्रश्न पुष्कळदा स्वतःच उत्तर देतो, हे तिने आम्हांस दाखवून दिले.

एक इशारा मात्र ध्यानात ठेवावा. संदेश एकदा गेला की त्याच्या प्रती अनेक सर्व्हरवर पोहोचतात व परत घेता येत नाहीत. म्हणून आपला पत्ता, दूरध्वनी क्रमांक, छायाचित्र कधीही टाकू नये, आणि रागाच्या भरात लिहिलेले त्याच दिवशी पाठवू नये. शाळेतील विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखालीच लिहावे.

५. फाईल कशी येते?

युजनेट मजकुरासाठी बनले होते. फाईल पाठवायची तर तिचे अक्षरांत रूपांतर करावे लागे. जुन्या पद्धतीत तीन बाइटांची चार अक्षरे होत, म्हणजे ३०० चे ४०० होत. २००१ मध्ये आलेल्या ‘वायएन्क’ पद्धतीने ही वाढ शेकडा एक-दोन इतकीच उरली. मोठ्या फाईलचे अनेक तुकडे करून प्रत्येक तुकडा स्वतंत्र संदेश म्हणून जातो. ‘एनझेडबी’ नावाची छोटी फाईल म्हणजे या तुकड्यांची यादी. ‘सॅबएनझेडबीडी’ किंवा ‘एनझेडबीगेट’ यांसारखे मोफत प्रोग्राम ही यादी वाचून तुकडे आणतात व जोडतात. मात्र फाईलींचे गट ठेवणारे सर्व्हर बहुधा सशुल्क असतात.

वाटेत एखादा तुकडा हरवला तर? त्यासाठी ‘पार’ फाईली असतात. त्यांचे तत्त्व सोप्या गणितात पाहा. ७, ४ आणि ९ या संख्यांबरोबर आपण त्यांची बेरीज २० ही पाठविली. ४ हरवला, तर २० मधून १६ वजा करून तो परत मिळतो. तिन्हींपैकी कोणतीही एक संख्या हरवली तरी ती एकच बेरीज पुरते. ‘पार’ फाईलीत याहून प्रगत गणित असते, त्यामुळे अनेक हरवलेले तुकडेही भरून काढता येतात.

६. खंडित वीज आणि अर्धवट फाईल

वेबवरून फाईल घेतानाही हीच काळजी लागते. जुन्या संगणकांसाठी आम्ही लिनक्सची मोठी फाईल उतरवून घेत होतो. तीन वेळा वीज गेली आणि तीनही वेळा ब्राउझरने आरंभापासून सुरुवात केली. तेव्हा ‘डब्ल्यूगेट’ हे मोफत साधन उपयोगी पडले. त्यास ‘पुढे चालू ठेव’ असे सांगितले की ते आधी आलेला भाग मोजते आणि सर्व्हरकडे उरलेलाच भाग मागते. सर्व्हरने ती सोय दिलेली असावी, एवढीच अट.

फाईल पूर्ण आली म्हणजे ती बिनचूक आली असे नव्हे. प्रकाशकाने दिलेला ‘चेकसम’, म्हणजे फाईलीतून गणिताने काढलेला ओळखक्रमांक, आपल्या संगणकावर पुन्हा काढून ताडून पाहावा. एका अक्षराचाही फरक असल्यास ती फाईल उघडू नये. अनोळखी व्यक्तीने पाठविलेला प्रोग्राम तर कधीच चालवू नये.

फाईली ठेवणाऱ्या गटांत चित्रपट, गाणी व पुस्तके यांच्या बेकायदा प्रतीही पुष्कळ असतात, हे आम्ही लपवीत नाही. त्या घेणे म्हणजे कोणाच्या तरी श्रमाचे मोल बुडविणे होय. मुक्त सॉफ्टवेअर आणि प्रताधिकार संपलेले ग्रंथ यांचाच साठा इतका मोठा आहे की, प्रामाणिक विद्यार्थ्यास तो आयुष्यभर पुरेल.

समारोप

सर्व्हरवरील संदेश कायमचे राहत नाहीत. मुदत संपली की ते पुसले जातात. प्रारंभीच्या दहा वर्षांचे बहुतेक संदेश असेच नाहीसे झाले असते. परंतु कॅनडातील टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात संगणकांची व्यवस्था पाहणाऱ्या हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ ते १९९१ या काळातील संदेश १४१ चुंबकीय फितींवर जपून ठेवले. त्यांतून सुमारे २० लाख संदेश वाचले. २०२४ च्या फेब्रुवारीत गूगल ग्रुप्सने युजनेटचे नवे संदेश घेणे थांबविले, तरी इतर सर्व्हर आजही एकमेकांस संदेश देत आहेत.

जे कोणाच्याच मालकीचे नसते ते कोणी तरी जपावे लागते. तेव्हा विद्यार्थी मित्रहो, या चौकात नीट विचारलेला एक प्रश्न घेऊन जा. उत्तर मिळाल्यास आभार माना, ते वहीत उतरवून ठेवा, आणि तोच प्रश्न घेऊन उद्या कोणी नवखा आला तर त्याला ‘आधी नियम वाचा’ एवढेच सांगून परत पाठवू नका. नियम कोठे आहेत, तेही दाखवा.